विद्यापीठाचे दार आणि वसतिगृहाची खाट

जून उजाडला की नांदेड-लातूरच्या वर्तमानपत्रांतून एक ठरावीक मजकूर दिसू लागतो. अमुक महाविद्यालयात नवागतांचे गुलाबपुष्प देऊन स्वागत, तमुक संकुलात प्रवेशप्रक्रियेस प्रारंभ, परिसर स्वच्छता, वृक्षारोपण, प्राचार्यांचे मार्गदर्शन. छायाचित्रात पुढे मान्यवर असतात आणि ज्यांचे स्वागत ते मागे उभे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये या उपक्रमाची मार्गदर्शिका काढली आणि तिला 'दीक्षारंभ' असे नाव दिले. आपल्या समाजात दीक्षा हा शब्द हलक्या हाताने उच्चारला जात नाही, म्हणून ते नाव वाचून अपेक्षा जरा अधिकच वाढते. या स्वागतांना माझा विरोध नाही. पण जो आला त्याचेच स्वागत होते. जो गेल्या वर्षी वर्गात होता आणि यंदा परतला नाही, त्याची नोंद विद्यापीठात कोणाकडे असते, हा माझा प्रश्न आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडली गेली. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विष्णुपुरीच्या माळावर 'ज्ञानतीर्थ' परिसर उभा राहिला. पुढे लातूरला उपकेंद्र आले. ज्यांचे नाव विद्यापीठाला आहे ते स्वामीजी आधी शिक्षक होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. किनवटचा मुलगा पूर्वी औरंगाबादचे नाव ऐकूनच माघार घेई, त्याच्यासाठी हे अंतर निम्म्याहून कमी झाले. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मान्य करूनच पुढे जायला हवे.

आपल्यासाठी मात्र १९९४ या सालाला आणखी एक संदर्भ आहे. त्याच वर्षी १४ जानेवारीला औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला. विधिमंडळाने नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी केला होता, म्हणजे मध्ये साडेपंधरा वर्षे गेली. तो ठराव झाला तेव्हा शैक्षणिक वर्ष नुकतेच सुरू झाले होते. काही दिवसांतच मराठवाड्यातील वस्त्या जळू लागल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. स्मरणिकांतून आपण ही नावे दरवर्षी छापतो आणि छापलीच पाहिजेत. परंतु ज्या दारावरच्या नावासाठी माणसे गेली, त्या दारातून आपली मुले जूनमध्ये आत जातात आणि पुढच्या जूनमध्ये परत येतात का, हे पाहणे त्याच लढ्याचा भाग आहे, असे मी मानतो. नामांतराच्या सभांना जाणारे आपण, दुसऱ्या वर्षाच्या हजेरीपटाकडे मात्र क्वचितच पाहतो.

मुले परतत नाहीत याचे कारण पुष्कळदा आळस किंवा नावड असे सांगितले जाते. ते खोटे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठाचे वर्ष आणि गावाचे वर्ष यांचा आपल्याकडे मेळच बसत नाही. मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या हाती जो पैसा असतो तो सोयाबीनच्या बियाण्याला आणि खताला जातो. तो परत दिसतो थेट दसरा-दिवाळीच्या सुमारास, तेही पाऊस नीट झाला तर. नेमके याच रिकाम्या महिन्यांत प्रवेशशुल्क, खोलीची अनामत, मेसची आगाऊ रक्कम आणि पुस्तके एकदम समोर येतात. ज्यांना जमीनच नाही त्यांचे गणित आणखी वेगळे आहे. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांतून कोयता घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतात. त्या उचलीतून एखाद्या मुलाचे डिपॉझिट भरले गेले असेल, तर तो मुलगा महाविद्यालयात बसलेला असतो आणि त्याच्या शिक्षणाची परतफेड दुसऱ्या जिल्ह्यातील उसाच्या फडात चाललेली असते. खुरपणीच्या दिवसांत त्याच मुलाला गावात रोजची मजुरी मिळत असते. आठ दिवस उशिरा जाऊ, मग पंधरा दिवसांनी जाऊ, असे करता करता श्रावण उजाडतो आणि मग जायला संकोच वाटतो.

म्हणून सुरुवातीचे तीन आठवडे सर्वांत कठीण. तासिका सुरू झालेल्या असतात, पण वसतिगृहाची गुणवत्ता यादी लागलेली नसते. कोठे रंगरंगोटी चाललेली असते, कोठे मेसचा ठेका ठरायचा असतो. शासकीय वसतिगृहात गृहपाल सांगतात, यादी वरून यायची आहे. मुलगा देगलूरहून वा किनवटहून पत्र्याची पेटी घेऊन आलेला असतो. त्याला शहरात खोली बघायची तर 'कॉट बेसिस'वर एका खोलीत चार-पाच जण, आणि तरीही महिन्याचे भाडे व तेवढेच डिपॉझिट हातावर ठेवावे लागते. त्यात काही ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर खोली 'आत्ताच गेली' असे सांगण्यात येते. हे वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हे वाक्य परिचित असेल. मुलीच्या बाबतीत तर पालक तीन आठवडे थांबतच नाहीत, ज्या एस.टी.ने आणले त्याच एस.टी.ने परत नेतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळाली, त्याआधी २०२३ मध्ये एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले. दोन्ही निर्णय चांगले. पण शुल्क माफ झाले म्हणून रात्री झोपायचे कोठे हा प्रश्न सुटत नाही.

शासनाने २०१७ च्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना काढली, ती याच अडचणीसाठी. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, त्याखालच्या शहरांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये, अशी ती आखलेली होती. कल्पना उत्तम होती. अडचण आहे ती रक्कम हाती पडण्याच्या वेळेची. खोलीचा मालक जुलैत पैसे मागतो आणि योजना आधी प्रवेश, मग उपस्थिती, मग पडताळणी मागते. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, आधारशी जोडलेले बँक खाते, भाड्याचा करारनामा. यांतला एक कागद राहिला तरी अर्ज त्रुटीत. भाड्याचा करारनामा कॉट बेसिसवर राहणाऱ्याला कोण करून देणार, हे मात्र नियम करणाऱ्यांनाच ठाऊक. आधी पैसे खर्च करा, नंतर मिळतील, ही पद्धत ज्याच्या घरी आधीचे पैसे आहेत त्याच्याच सोयीची आहे.

वसतिगृह ही शिक्षणाची जोडगोष्ट नव्हे, हे आपल्या थोरांना शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. लातूरचे महाविद्यालय १९७० मध्ये त्यांच्या नावाने निघाले आणि 'लातूर पॅटर्न' पुढे महाराष्ट्रभर गाजला. पण त्या पॅटर्नची चर्चा गुणांची होते, शाहू महाराजांच्या वसतिगृहांची होत नाही. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिने आरंभीच्या कामांत सोलापूरला वसतिगृह काढले, लातूरपासून फार दूर नव्हे. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले तेव्हाही विद्यार्थी राहणार कोठे हा विचार वर्गखोल्यांबरोबरच झाला होता. आपल्या आजच्या शिक्षकांची, अधिकाऱ्यांची एक सबंध पिढी नागसेनवनातल्या खाटांवर घडली.

त्याहून जुना दाखला हवा असेल तर विनयपिटकात आहे. राजगृहाच्या वेळुवनात दब्ब मल्लपुत्त या स्थविरांनी भिक्खूंच्या निवासाची व्यवस्था पाहण्याचे काम स्वतःहून मागून घेतले आणि संघाने त्यांची रीतसर नेमणूक केली. सूत्रांचे पठण करणाऱ्यांना ते एकत्र ठेवीत, ध्यान करणाऱ्यांना निराळे, म्हणजे कोणाला कोणाचा त्रास नको. रात्री उशिरा येणाऱ्या भिक्खूंना ते स्वतःच्या बोटाच्या उजेडात वाट दाखवीत नेत आणि खाट कोणती, उशी कोणती, पिण्याचे पाणी कोठे, शौचकूप कोठे हे सारे दाखवून मगच परतत. चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या बुद्धीने घ्यावा. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, अर्हत पदाला पोहोचलेल्या माणसाला हे काम हलके वाटले नाही. आपल्या विद्यापीठांत मात्र वसतिगृहाचा कार्यभार म्हणजे कनिष्ठ प्राध्यापकाच्या गळ्यात पडलेली कटकट समजली जाते.

परिसर सज्ज आहे, असे कोणी म्हणाले की मी पाण्याची आठवण करून देतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात टाक्यांभोवती जमावबंदी होती आणि खोल्यांतले विद्यार्थी गावाची वाट धरत होते. शिक्षणासाठी राज्यभरातून मुले येतात त्या शहराची सारी कीर्ती एका रिकाम्या हौदापुढे थांबली. पुढे कोरोनाने तेच सगळीकडे दाखवले. मार्च २०२० मध्ये बंद झालेले वर्ग मधल्या थोड्या उघडझापीनंतर २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. लसीच्या दोन मात्रा, मुखपट्टी, एकाआड एक बाक अशी तयारी झाली. पण दीड वर्षात कोणी पुण्याच्या कारखान्यात लागले होते, कोणी हैदराबादला बांधकामावर गेले होते, कितीतरी मुलींची लग्ने उरकली होती. त्यांच्या घरी कोणी गेले नाही.

इथे आपल्यासारख्या निवासी शाळेत आणि विद्यापीठात मोठा फरक आहे. निवासी शाळेत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अधीक्षक हजेरी घेतात तेव्हा त्यांचे लक्ष रिकाम्या गादीकडे असते. कोण आले नाही, त्याच्या गावचा दुसरा कोण आहे, निरोप कोणाबरोबर धाडायचा, हे ठरते. निरोपाने काम भागले नाही तर शिक्षक स्वतः गावी जातात, ओट्यावर बसून चहा घेतात आणि मुलाला घेऊनच येतात. विद्यापीठात तोच मुलगा आला नाही तर संगणकावर त्याच्या नावापुढची जागा कोरी राहते. अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाला कोणी आणायला जायचे नसते, असा एक समज आहे. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी महाविद्यालय पाहिलेले नाही, त्याला हा समज परवडणारा नाही.

विद्यापीठाकडे मागणे फार नाही. तासिकांच्या आठ दिवस आधी वसतिगृह आणि मेस सुरू व्हावी. यादी लागली नसली तरी बाहेरगावच्या मुलांना तात्पुरती जागा मिळावी. प्रत्येक संकुलाने दुसऱ्या वर्षाला न परतलेल्यांची यादी जुलैअखेर करावी आणि प्रत्येकाला एक तरी फोन जावा. आणि दिवाळीच्या सुटीत बहुतेक वसतिगृहांची मेस बंद होते, ती सर्वांसाठी बंद होऊ नये. ज्यांचे आईवडील तोवर उसाच्या फडावर गेलेले असतात, त्यांच्या गावच्या घराला कुलूप असते. वसतिगृहालाही कुलूप आणि घरालाही, असा मुलगा पंधरा दिवस कोठे काढतो हे एकदा कोणी विचारून पाहावे. तो बहुधा स्वतःही फडावर जातो, आणि तिथून परत येणे अवघड असते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज नांदेड आणि लातूरमध्ये स्थिरावले आहेत. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी महावितरणात, अनेकांचे स्वतःचे घर आहे. प्रत्येकाने एका मुलाला वर्षभर सांभाळावे असे मी म्हणत नाही. तसे होत नाही आणि त्यात मिंधेपणही येते. जून-जुलैतील तीन आठवडे वरच्या मजल्यावरची एक खोली, दोन सतरंज्या आणि पिण्याचे पाणी, एवढे देता येईल. मुलींसाठी ज्या घरी आई, बहीण वा सून आहे अशी घरे निराळी ठरवावीत आणि ती पालकांना आधी दाखवावीत. स्वाधारची रक्कम येईपर्यंत डिपॉझिटपुरते बिनव्याजी पैसे फिरते ठेवण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी एक लहान निधी करावा, हिशेब शाळेच्या फलकावर लागावा. आपल्या शाळेतून दहावी-बारावी होऊन गेलेल्या मुलांची गावनिहाय नोंद कार्यालयात आहेच. जुलैच्या पहिल्या रविवारी चार-पाच जणांनी ती नोंदवही उघडून बसावे आणि एकेका नावापुढे तो सध्या कोठे आहे ते लिहीत जावे. ज्या नावांपुढे लिहायला काही सापडणार नाही, त्या गावांना जाणाऱ्या एस.टी.च्या वेळा दुसऱ्या पानावर लिहाव्यात.