दोष सुनेचा नाही, करणीचाही नाही

चाळिशीतला माणूस. चालताना झोक जातो, हातपाय आपोआप हलतात, बोलणे अडखळते, स्वभाव चिडका होतो. वस्ती म्हणते, "दारू चढली." घरचे म्हणतात, "करणी झाली." पुढे मुलालाही तेच झाले की बोल सुनेला लागतो, "हिच्याच पायगुणाने झाले." आम्ही नर्सिंग केलेल्या बायासुद्धा असे बोल ऐकून गप्प बसलो, ही आमची चूक.

ही लक्षणे हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराची असू शकतात. आजार विरळ आहे, पण ज्या घरात शिरतो तिथे पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. त्याचे जनुक १९९३ साली सापडले.

प्रत्येक जनुक आपल्याकडे जोडीने असते, एक आईचे, एक वडिलांचे. विदर्भातल्या आपल्या अनेक घरांना सिकलसेल ठाऊक आहे. त्यात दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल आजारी होते, एकाकडूनच आले तर मूल वाहक राहते. हंटिंग्टनमध्ये मात्र एकाकडून आलेले सदोष जनुकही पुरते, मग तो बाप असो की आई.

आजारी माणूस जोडीतले एकच जनुक मुलाला देतो, चांगले किंवा सदोष. म्हणून प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के. दर वेळी नव्याने छापा-काटा. थोरल्याला झाला म्हणून धाकटा सुटला, असा हिशेब नाही. मुलगा-मुलगी हा भेदही नाही. ज्याला सदोष जनुक मिळालेच नाही, तो ते पुढे देत नाही.

लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात. तोवर लेकरे झालेली असतात. मग बापाला तरी दोष कसा द्यायचा?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मेंदूरोग विभागात जा. आजोबा, आत्या, काका यांना काय झाले होते ते डॉक्टरांना सांगा. आजार मुळापासून बरा होत नाही, पण औषधांनी आणि व्यायामाने त्रास कमी करता येतो. रक्ताची तपासणी आहे. ती करायची की नाही हे सज्ञान माणसाने समुपदेशन घेऊन स्वतः ठरवावे. धडधाकट लहान मुलांची करू नये, सुनेवर लादू नये.

पण मोठ्या झालेल्या मुलांपासून हे लपवू नका. लग्न, मुलेबाळे यांचा निर्णय त्यांना घ्यायचा आहे. भगताच्या उंबऱ्यावर घालवलेली वर्षे त्यांना कोणी परत देणार नाही.