हाताने वाचायची गोष्ट

व्हिडिओ गेम आणि वाङ्मय हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्या साहित्यिक मंडळींच्या कपाळावर आठी चढते. खेळ तो खेळ, गोष्ट ती गोष्ट. पोरांच्या अंगठ्यांच्या कसरतीला कथा कशाला म्हणायचे, असा त्यांचा सवाल असतो. मी कादंबऱ्या लिहितो, पोटासाठी मास्तरकी करतो, आणि तरीही हा सवाल मला बिनबुडाचा वाटतो. आम्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीतल्या माणसांना तर तो विचारण्याचा अधिकारच नाही. भाऊबिजेपासून गावोगाव मंडई भरते, वडशाच्या कंपन्यांची नाटके रात्र रात्र चालतात, आणि खलपुरुष सुनेला छळू लागला की पुढे बसलेली म्हातारी त्याला मोठ्याने शिव्या घालते. तिने नाटक नुसते पाहिले काय? ती त्यात उतरली. खेळ तिला रंगमंचावर चढायला शिडी लावून देतो, एवढाच फरक.

ज्यांनी असला खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. 'द लास्ट ऑफ अस' हा अमेरिकन खेळ 2013 साली निघाला. रोगाच्या साथीने जग उद्ध्वस्त झाले आहे. पोटची पोर गमावलेला जोएल नावाचा माणूस एली नावाच्या 14 वर्षांच्या मुलीला सांभाळत देशभर नेतो; तिला रोग बाधत नाही, तिच्यापासून औषध होईल अशी आशा आहे. शेवटी कळते की औषध करायचे तर तिचा जीव जाणार. जोएल रुग्णालयात शिरतो, माणसे मारतो, पोरीला उचलून आणतो आणि पुढे तिच्याशी चक्क खोटे बोलतो. आता गंमत पाहा. त्या डॉक्टरचा जीव घेतल्यावाचून गोष्ट जागची हलत नाही, आणि तो घ्यायचा तुमच्याच अंगठ्याने! मी तीनशे पाने खर्चून वाचकाला खुन्याची कीव आणू शकेन; पण सुरी त्याच्या हातात देण्याची युक्ती मला साधलेली नाही. हेवा वाटावा अशीच ती आहे.

पण म्हणून खेळांच्या भक्तांची री मी ओढणार नाही. त्यांचा मोठा अभिमान असा की, अमुक खेळात चार शेवट आहेत, हवा तो निवडा. ही कथा झाली की साडीचे दुकान? कर्णाचे चाक चिखलात रुतू नये असे कोणाला वाटत नाही? पण प्रेक्षकांच्या कौलाने ते चाक वर काढले, तर दुसऱ्या दिवशी तो कर्ण कोणाच्या लक्षात राहील?

त्याहून मोठा दोष निराळाच आहे. पुष्कळ खेळांत गोष्ट एक सांगते आणि हात दुसरेच करतात. 2018 सालच्या 'रेड डेड रिडेम्प्शन 2' मध्ये आर्थर मॉर्गन हा दरोडेखोर क्षयाने खंगत आपल्या पापांचा हिशेब मांडतो, मन हेलावते. आणि त्याच संध्याकाळी खेळणारा त्याच्याच हाताने डझनभर माणसे लोळवतो! आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली काढलेला 'राजी' पाहा. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधणारी, कसरतीचे खेळ करणारी गरीब पोर. हाती दुर्गेचा त्रिशूळ. राजस्थानी महाल, छायाबाहुल्यांनी सांगितलेले प्रसंग. डोळ्यांना मेजवानीच. परंतु गोष्ट राहते भिंतींवरच्या चित्रांत आणि देवांच्या संवादात. पोरीच्या वाट्याला येतात उड्या आणि मारामारी. आणि आरंभी ते देवही इंग्रजीत बोलत होते! दुर्गा आणि विष्णू पुण्यात येऊन इंग्रजी शिकले, याचे वैषम्य कोणाला वाटले असेल तर ते माझ्या कानी आले नाही.

आमच्या खेड्यातल्या पोरांपर्यंत तर एवढेही पोचत नाही. असल्या खेळांना महागडे यंत्र लागते. पोराच्या हाती असतो बापाचा मोबाईल, आणि त्यात शंभर जण उतरून एक उरेपर्यंत चालणारी कत्तल. गोष्टीचा पत्ता नाही. 2020 च्या सप्टेंबरात सरकारने पबजीवर बंदी घातली. 2021 साली तो नवे नाव लावून परत आला. बंदीने भूक मिटते थोडीच? पोराच्या हातून मोबाईल हिसकावणाऱ्या बापाने बदल्यात कोणती गोष्ट दिली, हे मला कोणी सांगावे. आणि ज्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तिच्या लेखकांकडे एखाद्या खेळ करणाऱ्याने गोष्ट मागितल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

मला विचाराल तर मी अशी गोष्ट देईन. चैत्रातली पहाट, ताडोब्याच्या कडेचे रान. एक बाई मोहफुले वेचायला निघाली आहे. बंदूक नाही, त्रिशूळ नाही. टोपली आणि कान. वाकून फूल वेचावे तर पाठ उघडी पडते, उठून पाहावे तर टोपली भरत नाही. खेळणाऱ्याच्या हाताला काम एवढेच: वाकणे आणि उठणे. वाघ दिसणारही नाही कदाचित. वानर खाकरेल, मग सारे रान गप्प होईल. टोपली अर्धी झाली आहे, घरी धान संपले आहे, आणि पुढच्या झाडाखाली फुलांचा पिवळा सडा पडला आहे.