सातबाऱ्याचा ‘लेआऊट’

नागपुरात ‘लेआऊट’ म्हटले की बेसा, हुडकेश्वर, हिंगणा या बाजूचे भूखंडच डोळ्यांपुढे येतात. हे भूखंड ज्या शेतजमिनीतून पडतात, तिच्या सातबाऱ्याच्या मांडणीचा विचार मात्र क्वचितच होतो. शहरातील जुन्या घरांना आखीव पत्रिका असते. त्यामुळे सातबारा पुष्कळ ग्राहकांनी व्यवहाराच्या वेळीच प्रथम पाहिलेला असतो.

गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, तर बारा ही पिकांची नोंदवही. ही मांडणी मुळात लिहिणाऱ्या पटवाऱ्याच्या सोयीची, वाचणाऱ्याच्या नव्हे. खातेदार मयत झाला आणि वारसांची नोंद झाली, किंवा कर्ज फिटले, की जुनी नोंद कंसात टाकली जाई. महसुली भाषेत कंस म्हणजे ती नोंद संपली. सामान्य वाचक मात्र कंसातला मजकूर पूरक माहिती समजतो. मालकीच्या कागदावर एकाच चिन्हाचे असे दोन विरुद्ध अर्थ!

सुमारे ५० वर्षांनंतर, २०२० मध्ये, राज्य शासनाने या नमुन्यात बदल करण्याचे ठरविले. कंसाऐवजी नोंदीवर आडवी रेघ आली. ‘इतर हक्क’ रकान्याजवळ असणारा खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आला. दोन खातेदारांमध्ये ठळक रेषा, प्रलंबित फेरफाराची स्वतंत्र नोंद, लागवडयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची बेरीज, हेही त्यातलेच. क्षेत्राचे एकक स्पष्ट छापण्याचा निर्णय तर विशेष मोलाचा. शेतकरी एकरात बोलतो, भूखंड विकणारा चौरस फुटात आणि उतारा हेक्टर-आरमध्ये. ‘०.४०.५०’ म्हणजे साधारण एक एकर, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला कसे कळावे?

सुधारणा येथेच थांबली, ही खरी अडचण. ‘भोगवटादार वर्ग २’ यातील दोनचा आकडा उताऱ्याच्या वरच्या भागात इतर मजकुराच्याच ठशात असतो. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. आयुष्याची पुंजी ज्या एका अंकावर अवलंबून आहे, तो ठळक असू नये आणि त्याचा अर्थ शेजारी एका ओळीत दिलेला नसावा, याचे समर्थन कठीण आहे. बिनशेती जमिनीला नमुना बाराची गरज नाही, ही सूचना जर उताऱ्यावर छापता येते, तर हीदेखील छापता येईल.

अर्थात मांडणी सुधारली तरी नोंद ताजी असावी लागते. मयतांच्या नावांच्या जागी वारस लावण्यासाठी २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर राबवावी लागली. तिची सुरुवात विदर्भातल्याच बुलढाणा जिल्ह्यातून झाली. वारसाची नोंदच झाली नसेल, तर मयताच्या नावावर रेघ मारणार कोण? तोवर उताऱ्यावरचे ते नाव हयात मालकाचेच वाटत राहते.