मुका फोन



गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील आमच्या एका वाडीवर गेलो असता एका माउलीने कपाटातून नवा कोरा स्मार्टफोन काढून माझ्यापुढे ठेवला व म्हणाली, "फादर, हा परत पाठवा. मुका निघाला." तिचा मुलगा कुवेतला कामास आहे. त्यानेच हा फोन ओळखीच्या माणसाबरोबर पाठविला होता. जुन्या फोनवर एक दिवसाआड त्याचा आवाज ऐकू येत असे. नवा आल्यापासून दोन आठवडे एक शब्द नाही. तिने दिवसा दोनदा कळ दाबून पाहिली, परंतु त्या वेळी तो कामावर असतो व फोन खोलीवर. मी निघालो तेव्हा दाराशी येऊन ती हळूच म्हणाली, "फोनच मुका आहे ना, फादर? का पोरगाच मुका झाला?"

मी परत आत जाऊन बसलो. व्हॉट्सॲप उघडून कॉलांचे पान काढले. तांबड्या खुणेने नोंदलेले अकरा कॉल तेथे होते. सगळे रात्री साडेदहाच्या पुढचे. कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे चालते. आठ वाजता खोलीवर आला की मुलगा आईला फोन करी, येथे साडेदहा वाजलेले असत, आणि आई फोन उशाशी ठेवून जागी पडलेली असे. घंटी मात्र वाजत नसे. सुटलेले कॉल असे पान उघडून पाहावयाचे असतात, हे त्या बिचारीला कोणी सांगितलेच नव्हते.

कारण सोपे निघाले. बॅटरी पुष्कळ काळ पुरावी म्हणून हल्लीचे कित्येक फोन, पडदा काही वेळ बंद राहिला की, आतील ॲप निजवून टाकतात. मग बाहेरून आलेली हाक त्या निजलेल्या ॲपपर्यंत पोहोचतच नाही. सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावावर जाऊन बॅटरीच्या सदरात 'अनरिस्ट्रिक्टेड' अशी निवड केली की हा दोष जातो. तेथेच नोटिफिकेशनची परवानगी आहे की नाही व 'डू नॉट डिस्टर्ब' चालू राहिले आहे काय, हेही पाहून घ्यावे. पलीकडच्या माणसालाही एक खूण मिळते: त्याच्या पडद्यावर नुसते 'कॉलिंग' दिसत राहिले तर हाक तुमच्या फोनपर्यंत आलेली नाही, 'रिंगिंग' दिसले तर ती आली आहे.

सगळ्याच घरांतील दुखणे हेच असते असे नाही. परंतु नवा फोन घरात आला व बोलणे जमेना, की आपण सारा दोष त्या नव्या फोनच्या माथी मारतो, हे मी वारंवार पाहतो. विहिरीपासून घागरीपर्यंत पाणी येईना, तर मोट पाहावी, पाट पाहावा, मग घागर फुटली म्हणावे. येथेही तसेच. घरातील दुसरा फोन त्याच वायफायवर लावून पाहा. तो नीट चालला तर खोट नव्या फोनच्या मांडणीत आहे. दोन्ही अडले तर वायफाय बंद करून सिमकार्डाच्या डेटावरून बोलून पाहा. तेव्हा बोलणे साधले तर फोन निर्दोष आहे, दुखणे घरच्या राउटरात किंवा तारेत आहे. एवढ्या दोन परीक्षांत निम्मे काम होते, आणि त्यांना पैसा लागत नाही.

वायफायच्या खुणेजवळ उद्गारचिन्ह दिसले तर फोन राउटरला जोडला गेला आहे, परंतु राउटरलाच बाहेरचे इंटरनेट मिळत नाही, असे बहुधा समजावे. फायबरच्या पेटीवर 'एल.ओ.एस.' या अक्षरांपाशी तांबडा दिवा लागला असेल तर तार कोठेतरी तुटली किंवा निखळली आहे. आमच्याकडे पावसात फांद्या पडून हे हमखास होते. तेथे फोन कितीही चाळवला तरी उपयोग नाही, तारवाल्यालाच बोलवावे. तसे नसेल तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावा. मात्र त्याच्या पाठीवरील बारीक छिद्रात कोणीही टाचणी खुपसू नये. त्याने राउटरमधील सारी मांडणी पुसली जाते, आणि मग वायफायचे नाव, पासवर्ड, सगळे नव्याने भरत बसावे लागते. आमच्या गावात एका उत्साही भाच्याने हे केले. घर चार दिवस इंटरनेटविना राहिले.

आता भिंतींविषयी. पुष्कळ राउटर दोन लहरींवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ. पहिली मंद, परंतु दूर जाते व भिंती बऱ्यापैकी भेदते. दुसरी वेगवान, परंतु जाड भिंतीपुढे लवकर थकते. आमची जुनी घरे जांभ्या दगडाची, हातभर जाडीच्या भिंतींची. ओटीवर राउटर व माजघरात फोन असेल तर २.४ चीच निवड करावी. राउटरच्या नावापुढे '५जी' लिहिलेले पाहून काहीजण ते मोबाइलचे फाइव्ह-जी समजतात व हट्टाने तेच धरतात. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

"फादर, सिनेमा तर स्वच्छ दिसतो, मग बोलणेच का तुटते?" हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो, व तो विचारण्याजोगा आहे. सिनेमा फोनमध्ये थोडा पुढे साठवून ठेवता येतो. मध्ये क्षणभर प्रवाह थांबला तरी साठा पुरतो. बोलणे पुढे साठविता येत नाही, कारण ते अजून कोणी बोललेलेच नसते. आपला आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या तुकड्यांत कापून पाठविला जातो. जो तुकडा उशिरा आला तो फेकून दिला जातो. जाण्यास १५० मिलिसेकंदांहून बराच अधिक वेळ लागू लागला की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. सेकंदाला शंभर किलोबिट एवढा प्रवाह साध्या बोलण्यास पुरतो. तो अखंड मात्र हवा. म्हणून महत्त्वाचे बोलणे असताना मुलांनी त्याच वायफायवर सिनेमे उतरवू नयेत, व चित्र अडखळू लागले की ते बंद करून नुसत्या आवाजावर बोलावे.

तुम्हांला ऐकू येते परंतु तुमचे तिकडे जात नाही, अशी तक्रार असेल तर ॲपला मायक्रोफोनची परवानगी दिलेली नसावी. पासवर्ड बरोबर असूनही वायफाय जोडले जात नसेल तर 'फर्गेट' म्हणून ते नाव पुसावे व पुन्हा जोडावे. फोनमधील तारीख चुकली असेल तरीही इंटरनेट रुसते. ज्यांची मुले दुबई-अबुधाबीस आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तेथे व्हॉट्सॲपवरून निरोप जातात, परंतु बोलण्यास अनेक वर्षांपासून मनाई आहे. तेथील लोक बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. तेथे ना फोनचा दोष, ना मुलाचा. व्हॉट्सॲप नव्या फोनवर घेताना सहा आकड्यांचा संकेत येतो. फोन दुरुस्त करून देतो असे सांगणाऱ्या परक्या माणसालाच काय, सख्ख्या शेजाऱ्यालाही तो सांगू नये.

त्या माउलीचा फोन परत गेला नाही. परवा ती मिस्सेनंतर भेटली तेव्हा तिची तक्रार निराळी होती: घंटी इतकी मोठी वाजते की गोठ्यातील म्हैस उठून उभी राहते. आवाज कमी करण्याची कळ मी तिला दाखविली. तिने ती नीट पाहून घेतली, आणि आवाज होता तसाच ठेवून फोन पिशवीत टाकला.