गोळ्यांचे यंत्र आणि जागेचा प्रश्न

दौलताबादच्या रस्त्यावरील पडेगावात एखाद्या बेकार तरुणाने नाणे टाकताच गोळ्या देणारे यंत्र बसवावयाचे ठरविले, तर त्याला भांडवलाची वाट दाखविली जाते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटाला ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. परंतु कर्ज म्हणजे धंदा नव्हे.

यंत्र उभे राहते दुसऱ्याच्या दुकानात. म्हणून गल्ल्यातील वाटा जागामालक ठरवितो. गोळ्यांचा घाऊक भाव कारखानदार ठरवितो. आणि विक्रीची किंमत नाण्याला बांधलेली! साखर महागली म्हणून रुपयाऐवजी सव्वा रुपया घेता येत नाही. पावलीचे नाणे २०११ सालीच चलनातून बाद झाले. मग गोळ्या कमी द्यावयाच्या, नाही तर तोटा सोसावयाचा.

ही कोंडी मोठ्यांनाही चुकली नाही. मालेगावजवळील रावळगावच्या गोळ्या १९४२ पासून महाराष्ट्राच्या परिचयाच्या. खर्च वाढला, त्या मानाने किंमत वाढविता आली नाही. अखेर २०२४ साली ‘पान पसंद’सह या नाममुद्रा रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतल्या.

तेव्हा ‘उद्योजक व्हा’ असा उपदेश करून शासनाची जबाबदारी संपत नाही. एस. टी. स्थानके, रुग्णालये अशा सार्वजनिक ठिकाणी बेकारांना माफक भाड्याने जागा मिळाली पाहिजे. घाऊक खरेदी त्यांनी सहकाराने करावी. कर्ज एकट्याला मिळते. जागा आणि भाव संघटितांनाच मिळतात. कार्यकर्त्यांनी ही संघटना उभारण्याचे काम हाती घ्यावे.