क्वार्टरबॅक खराब की कोचचा प्लॅन? अमेरिकन फुटबॉलमधला न संपणारा वाद आणि जेरेड गॉफची गोष्ट

२०१६ च्या सीझनमध्ये लॉस एंजेलिस रॅम्स या टीमने १६ मॅचमध्ये मिळून २२४ पॉइंट्स काढले. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये ३२ टीम आहेत, त्यात हा आकडा सगळ्यात कमी होता. पुढच्या सीझनमध्ये त्याच रॅम्सनी ४७८ पॉइंट्स काढले. हा आकडा ३२ टीममध्ये सगळ्यात जास्त होता.

गंमत म्हणजे २०१६ च्या शेवटी टीमचा क्वार्टरबॅक होता जेरेड गॉफ, आणि २०१७ मध्येही तोच होता. बदलला होता तो हेड कोच.

अमेरिकेत दर सीझनला कुठली ना कुठली टीम पॉइंट्ससाठी झगडत असते आणि सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘क्वार्टरबॅकला बाहेर बसवा’. दुसरा म्हणतो, ‘कोचला हाकला’. रॅम्सचा हा आकडा पाहिला तर दुसरा गट जिंकला असं वाटेल. पण गॉफची गोष्ट तिथे संपत नाही. ती पुढे जाते तेव्हा पहिल्या गटाचंही थोडं खरं निघतं.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्या टीमकडे बॉल असतो तिला ऑफेन्स म्हणतात. तिला दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. प्रत्येक संधीत ठरवून आखलेली एक चाल खेळली जाते, तिला ‘प्ले’ म्हणतात. क्वार्टरबॅकच्या हातात बॉल येतो. मग तो कुणाकडे तरी फेकतो, धावणाऱ्या खेळाडूच्या हातात देतो किंवा स्वतः पळतो.

क्रिकेटमध्ये कोच ड्रेसिंग रूममध्ये असतो आणि मैदानावरचे निर्णय कॅप्टन घेतो. इथे उलट आहे. कुठला प्ले खेळायचा हे बहुतेक वेळा मैदानाबाहेर उभा असलेला कोच ठरवतो आणि क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर सांगतो. ही सोय १९९४ पासून आहे. प्ले सुरू करायला ४० सेकंद मिळतात आणि त्यातले शेवटचे १५ सेकंद उरले की स्पीकर बंद होतो. त्यानंतर समोरच्या डिफेन्सने मांडणी बदलली तर ती ओळखायची जबाबदारी क्वार्टरबॅकची.

या वादाचं मूळ इथेच आहे. प्लॅन एकाचा असतो, तो अमलात आणतो दुसरा. फसला की चूक कुणाची, हे टीव्हीवर पाहून कळत नाही.

तळातून थेट टॉपला

गॉफ २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या नंबरवर निवडला गेला. पहिल्या वर्षी त्याला सात मॅचमध्ये सुरुवातीपासून खेळवलं. सातही मॅच टीम हरली. त्याचे टचडाऊन पास पाच आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्याच्या हातात गेलेले बॉल, सात. ‘हा फुकट गेला’ असं म्हणणाऱ्यांची तेव्हा कमी नव्हती.

डिसेंबर २०१६ मध्ये हेड कोच जेफ फिशर यांना काढलं. जानेवारीत शॉन मॅकव्हे आले. तेव्हा ते फक्त ३० वर्षांचे होते, आधुनिक एनएफएलमधले सगळ्यात तरुण हेड कोच.

मॅकव्हेंची पद्धत ऐकायला सोपी होती. वेगवेगळे प्ले सुरुवातीला एकसारखे दिसले पाहिजेत. बॉल धावणाऱ्याला देतोय असं नाटक करायचं, डिफेन्स पुढे सरकला की मागे मोकळ्या झालेल्या जागेत पास टाकायचा. शिवाय टीम लवकर मांडणीत उभी राहायची, म्हणजे स्पीकर बंद होण्याआधी समोरचा डिफेन्स पाहून मॅकव्हे गॉफला सूचना देऊ शकायचे.

२०१७ मध्ये गॉफने २८ टचडाऊन पास टाकले, इंटरसेप्शन पुन्हा सातच. २०१८ मध्ये टीम १३ मॅच जिंकून सुपर बोल, म्हणजे फायनलला पोचली.

पण सगळं श्रेय प्लॅनला देणंही बरोबर नाही. २०१७ मध्ये टीममध्ये फक्त कोच बदलला नव्हता. क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये अँड्र्यू व्हिटवर्थसारखा अनुभवी खेळाडू आला. पास झेलणाऱ्यांमध्ये रॉबर्ट वूड्स आणि कूपर कप आले. म्हणजे ‘कोच की क्वार्टरबॅक’ या प्रश्नात बाकीचे दहा खेळाडू धरलेलेच नसतात.

स्पीकर बंद झाल्यावर काय?

डिसेंबर २०१८ मध्ये शिकागो बेअर्सच्या डिफेन्सने मॅकव्हेंच्या प्लॅनवर उपाय शोधला. रॅम्स १५-६ असे हरले आणि गॉफने चार इंटरसेप्शन दिले. दोन महिन्यांनी, ३ फेब्रुवारी २०१९ ला, सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी तोच धडा पुढे नेला. त्यांनी आपली खरी मांडणी शेवटपर्यंत लपवली. मॅकव्हेंचा आवाज बंद झाल्यावर समोर काय आहे हे गॉफला एकट्याला ओळखायचं होतं.

सीझनभर पॉइंट्सचा पाऊस पाडणारे रॅम्स त्या दिवशी १३-३ असे हरले. एकही टचडाऊन नाही.

त्यातला एक प्ले या वादाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रॅम्सचा ब्रँडिन कुक्स एंड झोनमध्ये पूर्ण मोकळा होता. प्लॅनने आपलं काम केलं होतं. गॉफला तो उशिरा दिसला, बॉल हवेत असेपर्यंत जेसन मॅकोर्टी धावत आला आणि त्याने पास हाणून पाडला. ही चूक क्वार्टरबॅकची. पण बाकी मॅचभर डिफेन्सने मांडणी बदलली तरी रॅम्सकडे दुसरा मार्ग दिसला नाही. ही चूक प्लॅनची. एकाच मॅचमध्ये दोन्ही गटांना आपापला पुरावा मिळाला.

वेगळे झाल्यावर कोण खरं ठरलं?

सप्टेंबर २०१९ मध्ये रॅम्सनी गॉफशी चार वर्षांचा १३ कोटी ४० लाख डॉलरचा करार वाढवला. दोनच सीझननंतर, जानेवारी २०२१ च्या शेवटी, त्यांनी त्याला डेट्रॉइट लायन्सकडे धाडायचं ठरवलं. बदल्यात मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक घेतला आणि वर पहिल्या राउंडच्या दोन आणि तिसऱ्या राउंडची एक निवड लायन्सला दिली.

स्टॅफर्ड लायन्समध्ये बारा वर्षं होता आणि तिथे त्याला प्लेऑफची एकही मॅच जिंकता आली नव्हती. मॅकव्हेंकडे आल्यावर पहिल्याच वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्याने सुपर बोल जिंकला. म्हणजे मॅकव्हेंचं म्हणणं खरं ठरलं. कोच तोच राहिला, क्वार्टरबॅक बदलला आणि कप आला.

तिकडे गॉफच्या पहिल्या वर्षी लायन्सनी फक्त तीन मॅच जिंकल्या. २०२२ मध्ये बेन जॉन्सन ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्सची आखणी करणारे कोच झाले. तोवर टीममध्ये पेनेई सूएलसारखा तगडा लाइनमन आणि अमोन-रा सेंट ब्राऊनसारखा रिसीव्हर होता. २०२१ मध्ये ३२५ पॉइंट्स काढणाऱ्या लायन्सनी २०२२ मध्ये ४५३ काढले आणि २०२४ मध्ये ५६४, म्हणजे लीगमध्ये सगळ्यात जास्त.

१४ जानेवारी २०२४ ला प्लेऑफमध्ये लायन्ससमोर आले रॅम्सच. गॉफ एका बाजूला, मॅकव्हे आणि स्टॅफर्ड दुसऱ्या. लायन्स २४-२३ असे जिंकले. डेट्रॉइटने ३२ वर्षांनी प्लेऑफची मॅच जिंकली होती आणि स्टेडियम गॉफच्या नावाने दणाणलं. म्हणजे गॉफही खरा ठरला.

डेन्व्हर: दोघांनाही नारळ

प्रत्येक गोष्ट अशी गोड होत नाही. २०२२ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसनी सुपर बोल जिंकलेला रसेल विल्सन आणला. तिथे पहिली मॅच खेळण्याआधीच त्याच्याशी पाच वर्षांचा सुमारे २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार वाढवला. कोचही नवा, नथानियल हॅकेट. त्या सीझनला ब्रॉन्कोसनी लीगमध्ये सगळ्यात कमी पॉइंट्स काढले. हॅकेट यांना पहिला सीझन पूर्ण होण्याआधीच काढलं.

२०२३ मध्ये शॉन पेटन आले. विल्सनचे टचडाऊन पास १६ वरून २६ वर गेले, इंटरसेप्शन ११ वरून आठवर आले. दोष हॅकेट यांचा होता असं इथे म्हणता येईल. पण शेवटच्या दोन मॅच बाकी असताना पेटन यांनी विल्सनलाच बाहेर बसवलं आणि मार्च २०२४ मध्ये टीमने त्याला सोडलं. त्या करारामुळे डेन्व्हरला पगाराच्या मर्यादेत तब्बल साडेआठ कोटी डॉलरचा बोजा दोन वर्षांत विभागून सोसावा लागला.

चुकीच्या माणसावर खापर फोडलं, किंवा बरोबर माणसावर उशिरा फोडलं, की किंमत अशी मोजावी लागते.

शिकागो: घाई टळली म्हणून

२०२४ मध्ये बेअर्सनी केलेब विल्यम्सला पहिल्या नंबरवर निवडलं. त्या सीझनमध्ये तो ६८ वेळा ‘सॅक’ झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आत त्याला पाडलं गेलं. तो बॉल फार वेळ हातात ठेवतो अशी टीका होत होती आणि तिच्यात तथ्य होतं. बेअर्सनी नोव्हेंबरमध्ये आधी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रन यांना काढलं आणि तीनच आठवड्यांच्या आत हेड कोच मॅट एबरफ्लूस यांना. सीझन चालू असताना हेड कोचला काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. टीमने १७ पैकी पाचच मॅच जिंकल्या.

जानेवारी २०२५ मध्ये हेड कोच म्हणून आले लायन्सचे तेच बेन जॉन्सन. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये जो थुनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन असे तीन नवे खेळाडू घेतले. २०२५ च्या सीझनमध्ये बेअर्सनी ११ मॅच जिंकल्या आणि आपल्या गटात पहिले आले. विल्यम्सवरचे सॅक निम्म्याहून कमी झाले. जॉन्सन गेल्यावर लायन्स मात्र १५ विजयांवरून नऊवर घसरले. तरी गॉफ २०१६ सारखा कोसळला नाही, कारण तोवर तो प्लॅनवर टेकून उभा राहणारा नवखा खेळाडू राहिला नव्हता.

मग दोष कुणाचा, हे ओळखायचं कसं?

एखादी क्लिप व्हायरल झाली की निकाल देण्याआधी चार गोष्टी पाहता येतात.

१. कुणी मोकळा होता का? टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे असतो, लांब पळणारे रिसीव्हर फ्रेममध्ये नसतात. सगळे २२ खेळाडू दिसतील असं फुटेज वेगळं असतं आणि अभ्यासक तेच पाहतात. कुणीच मोकळा नसेल तर बोट प्लॅनकडे किंवा रिसीव्हरकडे जातं.

२. वेळ मिळाला का? साधारण अडीच-तीन सेकंदांच्या आत समोरचा अंगावर आला तर लाइन कमी पडली. चार-पाच सेकंद मिळूनही बॉल हातातच असेल तर तो सॅक क्वार्टरबॅकच्या खात्यात जमा.

३. मोकळ्या माणसाकडे बॉल वेळेवर गेला का? कुक्सचा प्ले आठवा. सेकंदभर उशीर झाला की प्लॅन कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

४. कोच बदलल्यावरही तीच चूक होते का? सगळ्यात खात्रीची परीक्षा हीच, पण तिला वेळ लागतो.

आणि वेळच टीमकडे कमी असतो. पहिल्या राउंडमध्ये निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, पाचव्या वर्षाचा पर्याय टीमच्या हातात. तीन सीझन झाले की ‘याच्यावर कोट्यवधी डॉलर लावायचे का’ हे ठरवावं लागतं. त्या तीन वर्षांत दोन कोच बदलले तर क्वार्टरबॅक प्रत्येक वेळी नवी भाषा शिकत बसतो, आणि टीमला कळतच नाही की आपण कुणाची परीक्षा घेतली.

गॉफ, विल्सन आणि विल्यम्स या तिघांच्या अनुभवावरून एक ढोबळ नियम मात्र काढता येतो. क्वार्टरबॅक पहिल्या-दुसऱ्या वर्षात असेल तर आधी प्लॅन आणि लाइन तपासा, कारण ती दोन्ही त्याच्या हातात नसतात. चौथ्या-पाचव्या वर्षी, चांगला कोच आणि बरी लाइन मिळूनही स्पीकर बंद झाल्यावर तो गोंधळत असेल, तर प्रश्न त्याला विचारायलाच हवा.

रॅम्सनी २०१६ नंतर गॉफला सोडलं असतं तर ते चुकले असते. २०२१ मध्ये सोडलं तेव्हा ते चुकले नाहीत. खेळाडू एकच होता, मधल्या चार वर्षांत त्याच्याकडून काय मागायचं हे बदललं होतं.