माशाचे काळीज तपासा



पंचगंगेत मासे मरून तरंगले की सरकारी माणूस येतो, बाटलीत पाणी भरतो, 'प्राणवायू कमी पडला' असा शेरा मारतो आणि जातो. अनेकदा ते खरेही असते. आमचे भांडण त्या शेऱ्याशी नाही, मासा न तपासण्याशी आहे.

पाणी वाहून जाते. आज सोडलेले शिसे, कॅडमियम, पारा उद्याच्या बाटलीत सापडेलच असे नाही. माशाचे काळीज, म्हणजे यकृत, मात्र हिशेब ठेवते. कॅडमियम किंवा पारा आला की ते मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन तयार करून त्याला बांधून ठेवते. आवक या कोठारात मावेनाशी झाली की पेशी फुगतात, त्यांत पोकळ्या पडतात, चरबी साचते, शेवटी पेशी मरतात. असा मासा लगेच मरत नाही, म्हणून पंचनामाही होत नाही. पण अंड्यातल्या बलकाचे द्रव्य मादीच्या यकृतातच तयार होते. यकृत खचले की वीण घटते, भोयाचे जाळे रिकामे येते, आणि साहेब म्हणतात, भोईच फार मासे मारतात!

आता कायद्याचा हिशेब पाहा. पिण्याच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालच्या सर्वसाधारण निकषांत नदीत सोडायला मुभा किती? लिटरला २ मिलिग्रॅम. साडेसहाशे पटींहून जास्त! नदीत ते पातळ होते म्हणे. एप्रिल-मेमध्ये नदीत सांडपाणीच वाहते, तेव्हा कशात पातळ व्हायचे? धातू कुजत नाही, गाळात बसतो. आणि आपल्या उपसा योजना याच नदीवर आहेत.

कारखानदार म्हणतील, तुमच्या सुपरफॉस्फेटमध्येही कॅडमियम असते. असते, खडकातून येते. मग पोत्यावर आकडा छापा ना!

जपानात मिनामाताचा आजार १९५६ साली उघड झाला, सरकारने कारण कबूल करायला १९६८ उजाडले. आपल्याकडे २०२४ च्या जल कायदा दुरुस्तीने बऱ्याच गुन्ह्यांतला तुरुंग काढून १० हजार ते १५ लाखांचा दंड ठेवला. आमचे कर्ज थकले की जप्ती, नदी नासवली की पावती.

मेळाव्यात ठराव मांडायचा तो असा: नाल्याच्या वरचे आणि खालचे जिवंत मासे पकडून यकृत तपासा. कुजलेल्या माशात काही कळत नाही, म्हणून एक तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा धातू मोजायला बर्फात. सोबत गाळही घ्या. अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे, मराठीत.